दोन चुली, एक पोट

देवचंदच्या घरी चुली दोन झाल्या, ही बातमी सौंदडच्या स्टेशनावर पोचायला गाडी लागली नाही. ती पायीच गेली, आणि रस्त्यात तीन ठिकाणी बसून, चहा पिऊन गेली.

खरं तर ती दुसरी चूल ही चूलच नव्हती. पडवीतल्या लाकडी स्टुलावर ठेवलेली, विजेवर चालणारी काळी गुळगुळीत शेगडी होती ती, आणि तिच्यावर तीन मजली वाफेचं भांडं. सून पुष्पांजली ते गोंदियाहून घेऊन आली तेव्हा देवचंदला वाटलं होतं, आठ दिवसांत माळ्यावर जाईल. त्या माळ्यावर याआधी रस काढायचं मशीन गेलं होतं, आणि मुलाने, योगराजने, आपल्या कोहमाऱ्याच्या ढाब्यासाठी आणलेली रंगीत दिव्यांची माळही गेली होती. पण वीस दिवस झाले तरी भांडं खालीच होतं. मागच्या आवारात कुंदाबाईची मातीची चूलही पेटत होती. बंद होतं ते फक्त सासू-सुनेचं बोलणं. एकमेकींना काही सांगायचं झालं तर त्या भिंतीला सांगत, नाही तर नातीला, चंदाला.

कारण झालं डॉक्टरांचं. त्यांनी देवचंदचा रिपोर्ट पाहिला. उपाशीपोटी साखर एकशे अडुसष्ट, रक्तदाबही वर. ते म्हणाले, “काका, गोळी सुरू करू. पण खाणं बदला, आणि शिजवायची पद्धतही बदला.” एवढं बोलून ते पुढच्या पेशंटकडे वळले. घरी येईपर्यंत मात्र त्या वाक्याचे दोन तुकडे झाले होते. पुष्पांजलीने ‘पद्धत बदला’ हा तुकडा उचलला. कुंदाबाईला तो लागला.

“पंचेचाळीस वर्षं माझ्या हातचं खाऊन हा माणूस उभा हाय,” ती म्हणाली होती.

“उभे आहेत, आत्याबाई. पण तलावाच्या पाळीवर चढताना तीनदा थांबतात,” पुष्पांजली म्हणाली होती.

त्याच संध्याकाळी स्टूल पडवीत आलं.

देवचंद अडुसष्ट वर्षांचा होता आणि या गावात चूल वेगळी होणं म्हणजे काय, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. समोरच्या भोजराजकडे आधी जावाजावांच्या चुली वेगळ्या झाल्या, मग अंगणात कुडाची भिंत आली, मग भांडणात आजोबांची खाट करवतीने कापून घ्यायची गोष्टही निघाली होती. देवचंदच्या पूर्वजांनी गावच्या तलावाची पाळ बांधली होती. पाळीला पहिली भेग बोटाएवढी असते आणि ती बुजवायची ती तेव्हाच, हे त्याच्या रक्तात होतं. तेव्हा त्याने भेग बुजवायचा उपाय काढला आणि तो कोणाला सांगितला नाही.

उपाय असा, की तो दोन्हीकडे जेवायचा.

एकाच चुलीवर जेवलो तर दुसरी आपोआप वेगळी पडते. घरचा मोठा माणूस दोन्ही ठिकाणी पाटावर बसतो, तोवर कोणाच्या बापाला चूल वेगळी झाली म्हणता येणार नाही. हिशोब सरळ होता. संध्याकाळी सातला तो पडवीत बसायचा आणि पुष्पांजलीला सांगायचा, “तिकडं मी नावाले बसतो, बाई. एखादा घास घेतो, तुझ्या आत्याबाईचं मन राखाले.” साडेआठला तो मागे चुलीपाशी बसायचा आणि कुंदाबाईला सांगायचा, “तिकडं मी नावाले बसतो. सुनेचं मन राखाले.” दोघींचं आपसात बोलणं नव्हतं, त्यामुळे हे वाक्य वीस दिवस न उसवता चाललं.

आज मात्र मंडई होती.

दिवाळीनंतर गावागावांत भरणारी ही जत्रा, आणि सौंदडची मंडई म्हणजे दुपारी देवचंदच्या अंगणात चाळीस पान. पाहुणे येणार, जेवणार, आणि जेवताना डोळे मागे-पुढे फिरवून पाहणार की धूर किती ठिकाणांहून निघतो. कुंदाबाईने पहाटेच बरबटीची, म्हणजे चवळीची, डाळ वाटायला घेतली होती. पुष्पांजलीने पडवीत कोचईची, म्हणजे अळूची, पानं धुऊन पसरली होती. कोणाचं जेवण वाढायचं, हे ठरलं नव्हतं.

ते ठरवायला देवचंदची मोठी बहीण शामकलाबाई सकाळच्या गाडीने आली. फुलचूरला राहणारी, चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेली. तिच्यासमोर आजही गावचे आजोबा लोक विडी लपवत. तिने फोनवरच सांगून ठेवलं होतं, “मंडईच्या सकाळी मी मशीन घेऊन येतो. देवचंदची साखर पाहू. मग बोलू.”

देवचंदला रात्रभर झोप नव्हती. साखर उतरली, तर दोघी म्हणणार माझ्यामुळे. चढली, तर दोघी म्हणणार तिच्यामुळे. बापडं मशीन तरी काय करणार.

“हात दे,” शामकलाबाई पिशवी खाली ठेवतानाच म्हणाली.

“बाई, आधी च्या तं घे.”

“च्या नंतर. उपाशी हायस ना?”

“हाव,” देवचंद म्हणाला. हे खरं होतं. वीस दिवसांत पहिल्यांदाच खरं होतं.

पडवीच्या एका खांबाला टेकून पुष्पांजली उभी, दुसऱ्या खांबाला कुंदाबाई, हाताला डाळीचं पीठ तसंच. योगराज दारात उभा राहून दात घासत होता. या घरात तो ज्याच्या जवळ उभा असे त्याच्या बाजूचा असे, म्हणून आज तो बरोबर मध्ये उभा होता. चंदा शामकलाबाईच्या मांडीला चिकटून बसली. ती पाचवीत होती आणि रक्त पाहायला तिला फार आवडे.

सुई टोचली. थेंब आला. मशीनने पाच आकडे उलटे मोजले.

“दोनशे चौदा,” चंदाने वाचलं.

कुंदाबाई अंगणातल्या तुळशीकडे वळली. “पाय वं माय. वाफ खाऊ घालू घालू माणसाची साखर चढवली.”

“चंदा,” पुष्पांजली म्हणाली, “आजीला सांग, वाफेत साखर नसते. पोळ्याच्या सणापासून तेच तेल कढईत उकळून राहिलं, त्याचं काय ते विचार.”

“मम्मी, आजीनं ऐकलं. मी परत सांगू?”

“सांग.”

“आजी, पोळ्यापासून तेच...”

“आयकलं मी,” कुंदाबाई म्हणाली. “तुळशीले सांग, तेल फेकलं का घराची बरकत जाते. माझ्या सासूनं सांगतलं हाय.”

“तुळशीनं काय केलं आता?” योगराज फेसाळलेल्या तोंडाने म्हणाला. दोघींनी एकदमच त्याच्याकडे पाहिलं आणि तो विहिरीकडे चूळ भरायला गेला.

शामकलाबाई मशीन पुसत होती. चौतीस वर्षांत तिने एक गोष्ट शिकली होती: वर्गात दोन पोरं एकमेकांकडे बोट दाखवत असली की तिसऱ्याच्या खिशात पाहावं. तिने चष्म्यावरून भावाकडे पाहिलं. देवचंद छताचे वासे मोजत होता.

“काल संध्याकाळी हा काय जेवला?” तिने विचारलं.

दोन्ही खांबांकडून एकदम उत्तर आलं, म्हणून तिने हात वर केला. “एकेक. पुष्पांजली, तू सांग.”

पुष्पांजलीने मोबाइल काढला. प्रत्येक ताटाचा फोटो होता. “काल सात वाजता. वाफेवरचे तांदळाचे मुटके सहा. कोचईच्या वड्या आठ. वाटीभर डाळ. अन् गुळाचा चहा. साखर मी घरातून बंदच केली, मोठ्या आत्या.”

“सातले कसे?” कुंदाबाई तुळशीला विसरली. “साडेआठले माझ्यापाशी जेवले ना थे. ताटभर भात, वरण, आलू-वांगे अन् बरबटीचे पाच वडे. वरून दोन मांगून घेतले.”

“ताटभर? मामाजी तर म्हणतात, तिथं फक्त नावाले बसतो.”

“माझ्यापाशी तं म्हणते, तिथं नावाले बसतो.”

वीस दिवसांत दोघींनी एकमेकींशी बोललेली ही पहिली वाक्यं होती. ती बोलून झाल्यावर दोघींच्या ते लक्षात आलं, आणि त्याहून मोठी एक गोष्ट लक्षात आली. दोन्ही माना हळूहळू देवचंदकडे वळल्या. देवचंदला उन्हाळ्यात तलाव आटल्यावर मध्येच उघड्या पडणाऱ्या माशाची आठवण झाली.

“म्हणजे दोन वेळा,” शामकलाबाई म्हणाली.

“तीन ना,” विहिरीवरून योगराज म्हणाला, आणि बोलल्यावर त्याने तोंडावर हात ठेवला. हात ओला होता, तोंडही ओलं होतं, पण शब्द निघून गेले होते.

“काय तीन?”

“काई नाई, आत्या. म्हणजे बाबा तलावाच्या कामाले कोहमाऱ्याले येतात ना चार वाजता. आता ढाब्यावर बाप आला तं मी काय हाकलून देऊ? दोन रोट्या देतो. तंदूरच्या. तंदूरमधी तेल नसतेच, बिलकुल हेल्दी.”

“वरून काय लावतोस?”

“मक्खन,” योगराज बारीक आवाजात म्हणाला. “थोडंसं.”

“काळी झालेली रोटी देतोस का? जळकं खाणंही चांगलं नाई.”

“बाबाले कडकच आवडते.”

चंदा बोटांवर मोजत होती. सकाळची न्याहारी दोनदा, दुपार दोनदा, चार वाजताचा ढाबा, संध्याकाळ दोनदा. एका हाताची बोटं संपली, तिने दुसरा हात काढला. “आबाजी, तुमी दिवसातून सात वेळा जेवता?”

“सहा,” देवचंद म्हणाला. त्याला अन्याय सहन होत नसे. “गुरुवारी ढाबा बंद असते.”

कोणीतरी हसेल असं त्याला वाटलं. बाहेर रस्त्यावर दंडारीच्या नाच-खेळाचा ढोल जुळवत होते, त्याची एक थाप पडली आणि थांबली.

“गोळी?” शामकलाबाईने विचारलं.

“गोळी एकच घेतो. तेवढं डोकं हाय मले.”

“मग बाकीचं डोकं कुठं ठेवलं होतंस? डॉक्टरनं खाणं कमी सांगितलं. तू तीन घरचं एकात घातलंस. काऊन?”

देवचंदने धोतराचा काठ दोन बोटांत धरला आणि चुरगळला. भावाची ही खोड शामकलाबाई साठ वर्षं पाहत होती. खरं बोलायच्या आधी तो असंच करी.

“एकीकडं जेवलो असतो,” तो म्हणाला, “तं दुसरीची चूल वेगळी झाली असती.”

कुंदाबाईच्या हातावरचं पीठ वाळून पांढरं झालं होतं. ती ते नखाने काढू लागली. काढता काढता म्हणाली, “म्हणजे घर एक ठेवाले तुमी डबल जेवले.”

“हाव.”

“अन् भूक नसताना?”

देवचंदने विचार केला. खोटं बोलायचा आज दिवस नव्हता. “मुटक्याले भूक नव्हती,” तो म्हणाला. “वड्याले होती.”

“मामाजी,” पुष्पांजली म्हणाली. ती खांब सोडून पुढे आली आणि खाली पायरीवर बसली. तिचा आवाज बदलला होता, म्हणून योगराजही जवळ आला. “माझे बाबा पण असेच होते. बीपी आहे म्हटलं की म्हणायचे, काही होत नाही. दहा वर्षं खरंच काही झालं नाही. लोणचं, पापड, चिवडा, सगळं चालू. मग एका सकाळी झालं, अन् गोंदियाच्या रस्त्यातच संपले. मी ही शेगडी चूल वेगळी करायला नाही आणली. मला फक्त परत ती सकाळ नाही पाहिजे.”

ते गेले हे सगळ्यांना माहीत होतं, पण ही भीती तिने कधी बोलून दाखवली नव्हती. योगराजलाही नाही, तो आपल्या बायकोकडे नवीन पाहुणी आल्यासारखं पाहत राहिला. कुंदाबाईने पदराला हात पुसले. मग उगाच परत पुसले.

“पण मोठ्या आजी,” चंदा म्हणाली, कारण तिचा प्रश्न राहून गेला होता, “वाफेत साखर नसते ना? मग कुठून आली?”

शामकलाबाईचा चेहरा उजळला. बाकीचं जग कितीही बिघडो, पोरीने प्रश्न विचारला की तिला दुसरं काही दिसत नसे. “एक तांब्या पाणी आण,” ती म्हणाली. “अन् एक पेंढी तणस.”

चंदाने तांब्या आणला, गोठ्यातून धानाच्या तणसाची पेंढी ओढत आणली.

“आपल्या तलावात पाणी कुठून येते?”

“डोंगरावरून.”

“अन् शेतात कसं जाते?”

“तुडुम उघडतात तेव्हा.” पाळीच्या पोटातलं ते दार तलाव बांधणाऱ्यांच्या घरातल्या पोरीला चालायच्या आधी माहीत असतं.

“बरोबर. आपलं जेवण पोटात विरघळते अन् त्याची साखर होऊन रक्तात येते. रक्त म्हणजे तलाव. तिथून ती साखर अंगाच्या कामाले जाते, हात हलवाले, अभ्यास कराले. पण जायचं तं तुडुम उघडलं पाहिजे. तुझ्या आबाजीचं तुडुम आता गंजलं. थोडंथोडंच उघडते. मग वरून पाणी जोरात आलं तं काय होईल?”

“तलाव भरून पाळ फुटन.”

“लगेच नाई फुटत. पण ताण बसते. आता ओत. त्या उतारावर. सरळ.”

चंदाने अर्धा तांब्या ओतला. पाणी शेणाने सारवलेल्या अंगणावरून सरसर धावलं आणि थेट देवचंदच्या धोतराखाली गेलं. तो उठला, पण उशीर झाला होता.

“हा झाला पांढरा भात, एकटा, ताटभर. मुटकेही तेच, तांदूळच ना थे. वाफेवर शिजवला म्हणून तांदळाची ज्वारी नाई होत.” पुष्पांजलीने खाली पाहिलं. “अन् गूळ हा साखरेचा सख्खा भाऊ हाय, बाई. फक्त कपडे साधे घालते. असे दिवसभर चहा म्हणजे तू साखर दारातून काढली अन् खिडकीतून घेतली.”

कुंदाबाईच्या तोंडावर हसू यायला लागलं होतं.

“आता तणस ठेव मधात. अन् ओत.”

पाणी तणसात शिरलं, थबकलं, इकडून तिकडून झिरपत हळूहळू खाली आलं. देवचंद खबरदारी म्हणून खाटेवर चढून बसला होता.

“हे तणस म्हणजे भाजीपाला, डाळ, बरबटी, कोचईचं पान. भात वाटीभर अन् हे भरपूर, तं साखर अशी येते. हळू. गंजक्या तुडुमालेही झेपते. समजलं?”

“समजलं. मग तेल?”

कुंदाबाईचं हसू थांबलं.

“कुंदा, तुझा तेलाचा डबा आण,” शामकलाबाई म्हणाली.

“राहू द्या ना, बाईजी. पाहुणे येतील आता.”

“आण.”

डबा आला. शामकलाबाईने काचेच्या पेल्यात थोडं तेल ओतून उन्हापुढे धरलं. पलीकडचं ऊन दिसलं नाही. “यातून सूर्यग्रहण पाहता येते,” ती म्हणाली. “चंदा, उन्हाळ्यात नहर साफ कराले लोकं काऊन जातात?”

“गाळ बसते म्हणून.”

“एका पावसाळ्यात बसते?”

“नाई. लय वर्षं लागतात.”

“तसंच हाय. तेल एकदा तापवलं, धूर निघाला, परत तेच तापवलं, परत तेच, का त्याच्यात नाई नाई थे पदार्थ तयार होतात. वड्यासंगं पोटात जातात. रक्ताच्या नळ्यांले गाळ धरते. आज खाल्लं अन् उद्या पडला असं होत नाई, म्हणून तं कोणी घाबरत नाई. अन् ज्या दिवशी पाणी अडते, त्या दिवशी लोकं म्हणतात, कालपर्यंत तं चांगला होता.”

कुंदाबाई पेल्याकडे पाहत राहिली. तिच्या माहेरी वर्षाला एक डबा तेल यायचं, सणाच्या कढईतलं उरलेलं तेल आई कोनाड्यात ठेवायची, त्यातल्या थेंबावर पुढचे चार महिने भाजीला फोडणी. तेव्हा ते तेल फेकणं पाप होतं, कारण तेलच नव्हतं. आता डब्यावर डबा येत होता आणि सवय मात्र त्या कोनाड्यातच बसून होती. ती एवढंच म्हणाली, “मग हे तेल टाकू कुठं? नालीत टाकलं तं नाली तुंबन.”

“बैलबंडीच्या कण्याले लावू,” देवचंद खाटेवरून म्हणाला. वंगणाचा विषय निघाल्यावर आपल्याला परत घरात घेतील असं त्याला वाटलं.

“तुमी गप्प बसा,” कुंदाबाई म्हणाली.

“मामाजी, तुम्ही बोलूच नका आज,” पुष्पांजली म्हणाली.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग कुंदाबाई मागे वळली, चार पावलं गेली, थांबली आणि मान न वळवता म्हणाली, “थे कोचईचे पानं घेऊन ये वं मांगं. तिथं एकटी कायले बसतेस? अन् थे तुझं मजल्याचं भांडं मातीच्या चुलीवर बसते का?”

“बसते, आत्याबाई.”

“मग आण.”

पुढचे तीन तास देवचंदने खाटेवरून ऐकून काढले. त्याला मागच्या आवारात जायची मनाई होती. आतून जे आवाज येत होते ते शांततेचे मुळीच नव्हते.

“एवढ्याशा तेलात वडा पोहन का बुडन?”

“आत्याबाई, तव्यावर चपटे करून पाहा ना. चमच्यानं तेल सोडा.”

“चपटा वडा म्हणजे काय? थालीपीठ हाय का?”

“पाहुण्यांसाठी तळा. नवीन तेलात. उरलं तर परत कढईत नाही.”

“अन् तुझ्या वड्यांत मीठ काऊन नाई? दवाखान्यातलं जेवण हाय का हे?”

“कमी टाकलं.”

“कमी टाक, पण टाक. मीठ कमी केलं तं आंबट वाढवाव लागते, चिंच घाल. हिरवागार सांबार बारीक चिरून घाल वरून. जवसाची चटणी दे संगं. मंग मीठ कोणी विचारत नाई. हे मोबाइलात नाई सांगत का?”

मध्ये काही वेळ नुसते भांड्यांचे आवाज. मग पुष्पांजलीचा, तोंडात घास असल्यासारखा: “आत्याबाई, चिंचेनं खरंच मस्त झालं.”

“मस्त नाई होईन तं काय.”

देवचंदने डोळे मिटले. पोटात कावळे नव्हते, बगळ्यांचा थवा उतरला होता. सकाळपासून फक्त बिनसाखरेचा एक चहा आणि वाटीभर मोड आलेली बरबटी. योगराज खाटेजवळून गेला तेव्हा त्याने हळूच विचारलं, “ढाबा चालू हाय का आज?” योगराज म्हणाला, “बाबा, मले घरात राहाचं हाय,” आणि निघून गेला.

दुपारी पंगत बसली. चाळीसच्या जागी सेहेचाळीस. मानाच्या पानावर केशोराव बसला, नात्याने लांबचा साडू, आणि बातम्यांच्या बाबतीत पाच गावांचा जवळचा. सौंदडला चुली दोन झाल्याचं त्याने स्वतः तीन मंडयांत सांगितलं होतं आणि आज तो प्रत्यक्ष पाहून घ्यायला आला होता. बसल्या बसल्या त्याने पडवीकडे पाहिलं. तिथे रिकामं स्टूल होतं. त्याने मागच्या आवाराकडे मान लांब केली. धूर एकच दिसत होता. त्याचं समाधान झालं नाही.

ताटं आली. वाटीभर चिन्नोर तांदळाचा भात, सगळं अंगण घमघमवणारा. वरण, वांग्याची भाजी, वाफेवरच्या कोचईच्या वड्या, जवसाची चटणी, आणि बरबटीचे वडे, सोनेरी, हलके.

“वडे कुंदावहिनीचे असतील,” केशोराव खडा टाकत म्हणाला. “अन् ह्या पानाच्या वड्या सूनबाईच्या. नाई का गा देवचंद? दोघींचं दोन तऱ्हेचं.”

“खाऊन पाय,” देवचंद म्हणाला.

केशोरावने खाल्लं. वड्याबरोबर वडी, वडीबरोबर चटणी. कोणाचं कुठे संपतं आणि कोणाचं कुठे सुरू होतं, हे जिभेला कळेना. “म्हणजे जेवण एक,” तो म्हणाला. “पण मन? आजकाल लोकं पाहुण्यांपुरती चूल एक करतात गा. पाहुणे गेले का परत दोन.”

खरं तर देवचंदलाही तीच भीती होती. उद्या सकाळी हे स्टूल परत पडवीत पेटलं तर काय करायचं, आणि आता तर दोन्हीकडे जेवायचा उपायही उरला नव्हता. त्याने आपल्या ताटाकडे पाहिलं. त्याच्या ताटात वाटीपेक्षा थोडा कमीच भात होता, भाजीचा डोंगर होता, आणि वडा होता एक. तो संपलाही होता. चिंतेत माणसाला वडा लवकर संपतो.

वाढायला पलीकडच्या टोकाला कुंदाबाई होती, अलीकडच्या टोकाला पुष्पांजली. दोघींच्या मध्ये वीस पानं आणि त्या वीस पानांचा कलकलाट. दंडारीचा ढोल आता रंगात आला होता. देवचंदने दोन्हीकडे नीट पाहून घेतलं. दोघींच्या पाठी वळल्या होत्या. वड्यांची परात हातभर अंतरावर होती. त्याने हात लांब केला.

“नाई,” दोन्ही टोकांकडून एकदम आवाज आला.

एकाच वेळी, एकाच सुरात, मागे वळूनसुद्धा न पाहता. सेहेचाळीस पानं थांबली. पुष्पांजलीने आपल्या टोकाकडून येऊन परात उचलली आणि हातोहात कुंदाबाईकडे पाठवली; कुंदाबाईने ती शामकलाबाईच्या मांडीजवळ नेऊन ठेवली, जिथून आजवर गावातल्या कोणी काही उचललं नव्हतं.

“सोमवारी डॉक्टरकडं जाचं हाय,” कुंदाबाई म्हणाली.

“अन् सगळं खरं सांगायचं आहे,” पुष्पांजली म्हणाली.

“ढाब्याचंही.”

“गुरुवारसकट.”

केशोरावचा घास हातातच राहिला होता. त्याने एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे, आणि मग देवचंदच्या रिकाम्या हाताकडे. तीन मंडयांत सांगितलेली बातमी आता परत तीन ठिकाणी जाऊन दुरुस्त करावी लागणार, असा थकवा त्याच्या चेहऱ्यावर आला. “नाई गा,” तो हळूच म्हणाला, “ह्या घरची चूल एकच हाय.”

देवचंदने भाजीचा घास घेतला. इतकं सुख त्याला बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. त्या सुखात तो आपली भूक साफ विसरून गेला, आणि चौथ्या घासाला ती त्याला परत आठवली.